तेरावी रेघ

सकाळी सात वाजून बावीस मिनिटांनी जयवंत पिसाळ यवतेश्वरच्या माथ्यावर, कोंडिबा ढेबेच्या चहाच्या टपरीशी पोचला आणि सायकलवरून उतरायच्या आधीच मला म्हणाला, “नाही टेकला. लिही.”

१५ डिसेंबर २०१९, रविवार. आम्ही बाकीचे आठजण केव्हाच वर आलो होतो. सगळ्यांत आधी रणजित फरांदे, सहा त्रेचाळीसला. मी सात वाजून दोन मिनिटांनी. चहाचा दुसरा ग्लास हातात आला होता. वही माझ्या मांडीवर उघडी होती आणि त्या पानावर एकाच नावापुढची जागा रिकामी होती.

“अण्णा, आज उशीर?” रणजित म्हणाला. “बॅटरी उतरली काय मधेच?”

दोघेतिघे हसले. जयवंत हसला नाही. त्याने डावा पाय जमिनीवर ठेवला, मग उजवा, सायकल पाण्याच्या पिंपाला टेकवून ठेवली आणि बाकावर बसला. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून खाली बघत राहिला. मानेवरून घाम कॉलरीत उतरत होता. आम्ही सगळे स्वेटर आणि कानटोप्या घालून बसलो होतो.

“आज मोटारीला पण धाप लागली वाटतं,” मागून कुणीतरी म्हणालं.

“लिही,” जयवंत मला पुन्हा म्हणाला.

मी पेनाचं टोपण काढलं होतं. लिहिलं नाही.

त्या वहीत काय होतं ते आधी सांगतो. साताऱ्यात समर्थ मंदिराच्या चौकातून निघालं की लगेच घाट लागतो. आमचं सायकल मंडळ दर रविवारी सव्वासहाला तिथून निघायचं. नियम एक. माथ्यापर्यंत पाय टेकवायचा नाही. दम लागला, साखळी पडली, वळणावर समोरून एसटी आली, कारण काहीही असो, टेकला तो टेकला. आणि कोण टेकला, कोण नाही, हे बघायला कुणी नसायचं. प्रत्येकाचा वेग वेगळा, त्यामुळे चढावर जो तो एकटाच असतो. वर आल्यावर ज्याने त्याने आपलं आपण सांगायचं, आणि सांगेल ते मी लिहायचं. उलट प्रश्न नाही. अकरा वर्षांत कुणी कुणाला “कशावरून?” असं विचारलं नव्हतं. रणजितला हरायला अजिबात आवडत नाही, पण त्याच्याही नावापुढे अकरा वेळा ‘टेकला’ आहे आणि ते अकराही वेळा त्यानेच सांगितलेलं आहे.

वही माझ्याकडे असायला दोन कारणं होती. मी पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं नोंदवहीवर काढली. सकाळी बरोबर आठला पर्जन्यमापकातलं पाणी मोजायचं, सव्वाआठच्या आत आकडा वर कळवायचा. आकडा चुकला तर खोडरबर लावायचा नाही. त्यावर एक आडवी रेघ मारायची, वर बरोबर आकडा, बाजूला सही. आणि मोजणी झालीच नसेल तर तिथे शून्य लिहायचं नाही, नुसती रेघ ओढायची. शून्य म्हणजे पाऊस पडला नाही. रेघ म्हणजे आपल्याला माहीत नाही. असल्या माणसाच्या हाती वही दिली की ती नीट राहते, असं सगळ्यांना वाटायचं.

दुसरं कारण पहिल्या दिवसाचं. २ नोव्हेंबर २००८ ला आम्ही दोघेच घाट चढलो होतो, जयवंत आणि मी. वर आल्यावर जयवंत म्हणाला, “मी दोनदा टेकला. तू?” मी म्हणालो, “नाही.” “मग वही तुझ्याकडं,” असं म्हणून त्याने ढेबेकडून शाळेची एक कोरी वही मागून घेतली आणि माझ्या हातात दिली. पहिल्या पानावर ती दोन नावं आहेत.

जयवंत एसटीच्या वर्कशॉपमधून हेड मेकॅनिक म्हणून निवृत्त झाला होता. मंडळातल्या प्रत्येक सायकलीला त्याचा हात लागलेला. रणजितचं लाखाच्या वरचं परदेशी गिअरचं धूड पहिल्यांदा अडलं तेव्हा दुकानदाराने हात वर केले होते; जयवंतने ते ढेबेच्या बाकड्यावर वीस मिनिटांत लावून दिलं. २०१९ च्या जूनमध्ये त्याच्या छातीत दुखलं. दोन स्टेंट बसले. डॉक्टरांनी सांगितलं, सायकल चालवा, पण नाडी एकशेवीसच्या वर न्यायची नाही. घाटात ती पहिल्याच वळणाला एकशेवीसच्या वर जाते. मग जयवंतने बॅटरीची सायकल घेतली. २२ सप्टेंबरच्या रविवारी तो ती घेऊन चौकात उभा होता.

पहिल्या रविवारी त्याने सगळ्यांना समजावून सांगितलं. पायडल मारल्याशिवाय ही जागची हलत नाही. आपण जितका जोर लावतो त्यात मोटार थोडी भर घालते. मनगटावरचं घड्याळ नाडी दाखवतं, एकशेपंधरा झाली की तो मोटार एक घर वाढवतो, उतरली की कमी करतो. वर्कशॉपमध्ये नव्या पोरांना शिकवायचा तसं सांगितलं. सगळ्यांनी ऐकून घेतलं. मग रणजित म्हणाला, “अण्णा, सगळं खरं. पण पेट्रोल कुठं टाकायचं?”

दुसऱ्या रविवारी, “चार्जर आणलाय का? माझा फोन लावतो.” तिसऱ्या रविवारी कुणीतरी दोरी आणली होती, मागे बांधून ओढत न्या म्हणून. चौथ्याला जयवंतने सायकल सरळ रणजितच्या हातात दिली. “चालवून बघ. मग बोल.” रणजित टपरीपुढच्या चढावर दोनशे मीटर जाऊन आला आणि म्हणाला, “मजा आहे की. तळ्यात टायरच्या ट्यूबवर बसून पोहल्यासारखं.”

“ट्यूबवर का होईना,” जयवंत म्हणाला, “पाण्यात आहे मी.”

त्या दिवशी लोक त्याच्या बाजूने हसले. पण पुढच्या रविवारी पुन्हा पेट्रोल निघालं. सहाव्या रविवारी, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, मंडळाबाहेरचे दोघे घाटात त्याला ओलांडून जाताना “आजोबा, हे चीटिंग आहे” असं ओरडून गेले, ते त्याने आम्हाला वर आल्यावर सांगितलं. तेव्हाही तो हसत होता. पायडल मारल्याशिवाय ही हलत नाही, हे वाक्य मी त्याच्या तोंडून एकंदर सतरा वेळा ऐकलं. नंतर त्याने ते म्हणायचं सोडलं. नंतर हसायचंही सोडलं. चहा घ्यायचा, ग्लास विसळून ठेवायचा, खाली उतरायचा.

ढेबेला मात्र त्या सायकलीशी काही वैर नव्हतं. दर रविवारी साडेसातच्या सुमाराला दुधाचा टेम्पो यायचा आणि वळवायला जागा लागायची. पिंपापाशी लावलेली जयवंतची सायकल ढेबे दोन्ही हातांनी उचलून बाजूला करायचा आणि दर रविवारी म्हणायचा, “सायकल कसली ही, रेडकू हाय.”

राहिली वही. पहिल्या रविवारी जयवंतने वर येऊन “नाही टेकला” म्हटलं, तेव्हा रणजित मला म्हणाला, “वाळिंबेसाहेब, एक मिनिट. मोटार लावून नाही टेकला म्हणजे काय? माझा टेम्पो पण घाटात पाय टेकत नाही.” बँकेत असलेल्या उज्ज्वला ताम्हाणेंना विचारलं तर त्या म्हणाल्या, “मला दोघांचंही पटतंय.” बाकीचे चहा पीत राहिले. मी म्हणालो, मंडळाचा निर्णय होईपर्यंत रेघ. रेघ म्हणजे ‘टेकला’ नाही, हे मी जयवंतला समजावलं. तो म्हणाला, “शून्य नाही ना? मग असू दे.”

निर्णय झालाच नाही. दर रविवारी एक रेघ वाढत गेली.

आणि एक दुसरा नियम होता. हा २०११ सालचा. नुसतं नाव लावून न फिरकणारे वाढले होते, म्हणून सलग तेरा रविवार नोंद नसेल तर नाव कमी करायचं ठरलं. आम्ही दोघांनीच ठरवलं होतं. तेरा हा आकडा जयवंतचा. त्या नियमाने सातजणांची नावं गेली होती, त्यांत माझा सख्खा मेहुणा होता. रेघ म्हणजे नोंद नाही. ८ डिसेंबरला जयवंतच्या नावापुढे बारावी रेघ पडली.

शनिवारी, १४ तारखेला संध्याकाळी सहाला, तो माझ्या घरी आला. चहा होईपर्यंत दाराशी पडलेल्या माझ्या सायकलीचा मागचा ब्रेक त्याने आवळून दिला.

“उद्या तेरावा,” तो म्हणाला.

“माहीत आहे.”

“मग?”

“मी तुला तोडगा सांगतो. तिसरा रकाना करू. टेकला, नाही टेकला, आणि मोटार. उद्यापासून त्यात तुझी नोंद लागेल. नाव राहील.”

“मला वेगळ्या पंगतीला बसवतोयस.”

“मग शेऱ्यात लिहितो, प्रकृतीच्या कारणास्तव. ते तर खरंच आहे.”

“रजेचा अर्ज नाही दिलेला मी.” त्याने पान्हा पिशवीत ठेवला. “अच्युत, अकरा वर्षांत तू कुणाला विचारलंस, साखळीला तेल कुठलं घातलं? टायरात हवा किती होती? रणजितच्या सायकलीला बावीस गिअर आहेत, मंडळात काहींच्या सायकलीला एकही नाही. रकाना एकच आहे.”

“गिअर म्हणजे मोटार नव्हे.”

“नव्हे. पण माझ्या छातीत लोखंड बसवलंय, ते चालतंय का तुमच्या नियमात? ते काढून येऊ?”

 माझी बायको नलिनी चहा घेऊन आली आणि म्हणाली, “भावजी, साखर घातलेली नाही हं.” तो थँक्यू म्हणाला. चहा प्यायला.

जाताना दारात थांबला. “उद्या मी वर येईन. सांगेन. तू ऐकून लिही. एवढंच कर.”

“काय सांगशील त्यावर आहे.”

“काय सांगेन त्यावरच असतं,” तो म्हणाला.

तो गेल्यावर नलिनी म्हणाली, “अहो, लिहून टाका की. कुणाचं काय जातंय?” मी म्हणालो, वही माझी नाही. ती म्हणाली, “पेन तर तुमचं आहे.”

रविवारी सव्वासहाला सगळे निघालो. अंधार होता, सगळ्यांचे दिवे लागलेले. एरवी जयवंत मला दुसऱ्या वळणाच्या आत ओलांडून जायचा. मोटारीचा बारीक गुणगुणता आवाज यायचा आणि तो “चल” म्हणून पुढे व्हायचा. त्या दिवशी तो मला ओलांडून गेला नाही. हे माझ्या लक्षात आलं होतं. तो वर एरवीपेक्षा अर्धा तास उशिरा आला, हेही. त्याच्या अंगावर पाणी ओतल्यासारखा घाम होता, हेही समोर दिसत होतं. मी एकूणएक गोष्ट टिपून ठेवणारा माणूस आहे. पण रणजित बॅटरी उतरली म्हणाला आणि मला ते पटलं. बॅटरी उतरली म्हणजे निम्मा घाट मोटारीवर झाला आणि निम्मा मोटारीशिवाय. अशी नोंद कुठल्या रकान्यात लावायची, मी त्या विचारात होतो.

“अण्णा, घड्याळ काय दाखवतंय?” उज्ज्वलाताई वाकून बघत होत्या.

जयवंतने बाही मनगटावर ओढली. “वेळ.”

“नाडी विचारतेय मी.”

“ठीक आहे. अच्युत, लिहिलंस?”

“मोटार किती वापरलीस?” मी विचारलं.

टपरीवरचे सगळे वळले.  रणजितसुद्धा माझ्याकडे बघायला लागला.

“तू विचारतोयस?” जयवंत म्हणाला.

“मला लिहायचंय.”

“मग मी सांगितलं ते लिही.”

“जयवंत, इथे आठजण बसलेत. मी काहीतरी धरून लिहायला पाहिजे.”

त्याने माझ्याकडे बघितलं. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. बारा रविवार त्याच्या चेहऱ्यावर जो थकवा मी चढाचा समजत होतो, तो या क्षणी, बाकावर बसून पाच मिनिटं झाल्यावरही तसाच होता.

“तुला जे धरायचंय ते धर,” तो म्हणाला.

मी रेघ मारली. शाईने, आधीच्या बारांसारखीच, पट्टी न लावता सरळ. सात वाजून एकोणतीस मिनिटं झाली होती.

मग दुधाचा टेम्पो आला. हॉर्न वाजला. ढेबे नेहमीसारखा फडक्याला हात पुसत बाहेर आला, वाकला, दोन्ही हातांनी जयवंतची सायकल धरली आणि उचलताना त्याचा तोल मागे गेला. त्याने सायकल पुन्हा खाली ठेवली. मग एका हाताने उचलून बघितली.

“आण्णा,” तो म्हणाला, “आज तुमचं रेडकू हलकं लागतंय की ओ.”

“ठेव ती खाली,” जयवंत म्हणाला. त्या सकाळी त्याचा आवाज चढला तो तेवढ्यापुरताच.

त्या सायकलीची बॅटरी खालच्या दांडीवर बसते. हातभर लांबीचा काळा डबा. दवाने भिजू नये म्हणून जयवंतच्या बायकोने त्याला खाकी कापडाची खोळ शिवली होती. रणजित उठला आणि त्याने त्या खोळीची नाडी सोडली. आत घडी घालून कोंबलेला पंचा होता. बॅटरी बसायची खाच रिकामी होती.

पंचा हातात धरून रणजित तसाच उभा राहिला. “अण्णा, मोटारीचं वजन, वर बॅटरी नाही... हे धूड नुसतं पायांवर आणलंत वर? वेड लागलंय का तुम्हाला? काय सांगितलंय डॉक्टरांनी?”

उज्ज्वलाताईंनी जयवंतचं मनगट धरून बाही वर केली. घड्याळावर एकशेसदतीस होते. बसून सात-आठ मिनिटं झाल्यानंतरचे.

“दाखवलं का नाही आल्या आल्या?” रणजित जवळजवळ ओरडला. “खोळ काढून दाखवायची! कोण काय बोललं असतं?”

“तू दाखवतोस?” जयवंत म्हणाला. “तू वर येतोस तेव्हा काय दाखवतोस?”

 त्याने पंचाची पुन्हा घडी घातली आणि खोळीत ठेवून नाडी बांधली.

मी पेन उघडलं. “थांब, दुरुस्त करतो. रेघ खोडतो, वर ‘नाही’ लिहितो, सही करतो. तशी पद्धतच आहे.”

“नको,” जयवंत म्हणाला.

“चूक झाली माझी. दुरुस्ती करता येते.”

“आता तू सायकल बघून लिहिणार.” त्याने ढेबेच्या हातातून चहा घेतला. ग्लास दोन्ही हातांनी धरला. “मला ऐकून लिहिलेलं पाहिजे होतं.”

बाकीचे टेम्पोवाल्याशी बोलायला गेले होते; अण्णांना आणि सायकलीला खाली नेशील का, असं विचारत होते. बाकावर आम्ही दोघेच होतो.

“मी तुझी सायकल बघितली नव्हती, अच्युत,” तो हळू म्हणाला.

“कधी?”

“तिसऱ्या वळणाचा कठडा. तू उजेडात होतास, मी झाडाखाली. वीस पावलं असतील. डावा पाय.”

तिसऱ्या वळणावर दरीच्या बाजूला दगडी कठडा आहे, सायकलीच्या सीटपेक्षा थोडा बुटका. २ नोव्हेंबर २००८ ला तिथे माझा दम पूर्ण संपला होता. मी सायकल कडेला घेतली आणि डावा पाय कठड्यावर टेकवला. रस्त्यावर नाही, कठड्यावर. दहाबारा श्वास घेतले असतील. नियम जमिनीचा आहे आणि कठडा म्हणजे जमीन नव्हे, असं मी माथ्यापर्यंत स्वतःला सांगत आलो होतो. त्यानंतर सांगावं लागलं नाही, कारण कुणी विचारलं नाही.

“मग बोलला का नाहीस?” मी विचारलं.

“तू सांगितलंस ना, नाही म्हणून.”

तो चहा संपेपर्यंत बसला. ग्लास विसळून ठेवला. टेम्पोत पुढे बसला, उज्ज्वलाताई त्याच्या शेजारी. सायकल मागे दुधाच्या कॅनांमध्ये आडवी. रणजित सायकलवरून टेम्पोच्या मागोमाग खाली गेला. दवाखान्यात जयवंतला दोन दिवस ठेवून घेतलं आणि सोडलं. मी मंगळवारी भेटायला गेलो. त्याची सून म्हणाली, “बाबा झोपलेत.” आतून रेडिओ चालू असल्याचा आवाज येत होता.

नाव कमी करायचा विषय मंडळात कुणी काढला नाही. रणजितने दोनदा जयवंतच्या घरी जाऊन बघितलं, तिसऱ्यांदा जाऊन आल्यावर मला म्हणाला, “अण्णा गोड बोलतात, चहा देतात, येतो म्हणत नाहीत.” जानेवारीत मी नवी वही सुरू केली. नियमाप्रमाणे तेरा रेघा झाल्या होत्या, म्हणून नव्या वहीत जयवंत पिसाळ हे नाव घेतलं नाही. मार्चच्या शेवटी लॉकडाऊन लागून सगळंच बंद झालं. मार्च ते जुलै त्या वहीत सगळ्यांच्याच नावांपुढे रेघा आहेत. प्रत्येकाच्या तेरापेक्षा जास्त आहेत, मी मोजल्या. तेव्हा कुणाचंही नाव कमी झालं नाही.

२०२२ मध्ये मी वही उज्ज्वलाताईंकडे दिली. पुढच्या वर्षी माझ्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. गेल्या फेब्रुवारीत मी बॅटरीची सायकल घेतली. पहिल्या रविवारी माथ्यावर पोचलो तेव्हा रणजित टपरीवर होता. त्याचेही केस आता पिकलेत. तो म्हणाला, “या वाळिंबेसाहेब. चार्जर आणलाय का?” मग माझी सायकल धरून त्याने पिंपाला लावली. एक नवीन मुलगी आहे मंडळात, तिने विचारलं, “काका, हे अलाउड आहे?” मी तिला सांगायला लागलो की पायडल मारल्याशिवाय ही हलत नाही, आणि निम्म्यातच थांबलो. उज्ज्वलाताईंनी मान वर न करता विचारलं, “टेकला?” मी “नाही” म्हणालो. त्यांनी लिहिलं. नियम केव्हा बदलला, की बदललाच नाही, ते मी विचारलं नाही. ‘हे अलाउड आहे?’ असले प्रश्न मला अजून रस्त्यात, पेट्रोल पंपाशी, लग्नात येतात. मी उत्तरं देत नाही, फक्त कुठे कुणी विचारलं ते लक्षात राहतं.

परवाच्या रविवारी ढेबेने मला बाजूला घेतलं.

“सायेब, पिसाळ आण्णा येत्यात हं वर.”

“कधी?”

“बुधवारी. दोनतीन म्हैनं झालं. येकटंच असत्यात. च्या घेत्यात, दरीकडं त्वांड करून बसत्यात, जात्यात.”

“सायकलवर?”

“तर काय. तीच सायकल.”

“उचलून बघितलीस?”

“बघितली की. जड हाय.”

मी म्हणालो, बरं झालं. ढेबे पातेल्यात चमचा फिरवत राहिला. मग म्हणाला, “मागल्या बुधवारी येक इचारलं त्यांनी. म्हणलं, कोंडिबा, ती पहिली वही हाय का रं अजून? तिचं पहिलं पान हाय का?”

“तू काय सांगितलंस?”

“मला काय ठावं? म्हणलं, ती वाळिंबेसायबांकडं आसंल.”

“मग?”

“मग काय न्हाई. ग्लास इसळून ठेवला, गेले.”

ती वही माझ्याकडेच आहे. काल कपाटातून काढली. पहिलं पान जागेवर आहे, कोपऱ्याला थोडी वाळवी लागली आहे, पण दोन्ही नावं वाचता येतात. जयवंत पिसाळ, टेकला, दोन. अच्युत वाळिंबे, नाही. माझी नोंद अजून तशीच आहे. वर काही लिहिलेलं नाही, बाजूला सही नाही. वही आणि पेन मी सायकलीच्या पिशवीत ठेवलं आहे. बॅटरी चार्जिंगला लावलेली आहे.

आज मंगळवार.